हुमणीला कडुनिंब गोड आणि तांदळातल्या टोक्यांना कडू? (भुंगेऱ्यांच्या नाकाविषयी)

निरेकाठचा

राम राम मंडळी.

राहायला कोथरूडात, पण जीव अडकलाय इंदापूर तालुक्यातल्या साडेतीन एकर उसात. मागच्या शुक्रवारी तिकडे वळीव कोसळला आणि संध्याकाळी सातला चुलतभावाचा फोन आला, "दादा, निघाले." ज्यांचा ऊस आहे त्यांना कोण निघाले ते सांगायला नको. इतरांसाठी: हुमणी म्हणजे उसाची मुळं खाणारी पांढरी, वाकडी अळी. तिचा प्रौढ म्हणजे तपकिरी भुंगेरा. वर्षातला बहुतेक काळ हे प्रकरण जमिनीखाली असतं. वळवाचा पहिला दमदार पाऊस झाला की तिन्हीसांजेला भुंगेरे मातीतून वर येतात आणि बांधावरचा कडुनिंब नाहीतर बाभूळ गाठतात. तिथंच जोड्या जमतात, रात्रभर पाला खातात, उजाडायच्या आत परत मातीत.

शनिवारी आम्हीही गेलो. झाडाखाली ताडपत्री, बांबूने फांद्या झोडपायच्या, पडलेले गोळा करून बादलीत. पूर्वी रॉकेलचं पाणी असायचं, आता रॉकेल कुठलं मिळायला, डिझेल ओततो. दीड बादली निघाले.

रविवारी रात्री पुण्यात परत. बघतो तर सौ. तांदळाच्या डब्यात कडुनिंबाचा वाळका पाला घालतायत, टोके होऊ नयेत म्हणून. मी तिथंच थबकलो. टोके म्हणजे तेही भुंगेरेच ना? मग एकाला ज्या पाल्याने पळवायचं त्याच पाल्यावर दुसऱ्याची पंगत कशी? आणि मिट्ट काळोखात, वर्षभर मातीत पुरलेला प्राणी अर्ध्या तासात नेमकं झाड आणि नेमकी जोडीदारीण शोधतो, ते नाक त्याला आलं कुठून?

ता. क. यंदा कामगंध सापळ्याची (जोडीदाराच्या वासाने भुलवणारी) गोळीही आणली होती. दुकानदार म्हणाला, "हुमणीचीच आहे." सापळ्यात भुंगेरे आले चार. शेजारच्या कडुनिंबावर शेकडो.

मालतीआज्जी

डब्यात पाला घालूनही टोके होतात हो, चाळीस वर्षांचा अनुभव आहे. मी एरंडेल चोळते. बिब्बे घालणारेही पाहिले. पण एक टोका दिसला की चार दिवसांत दहा दिसतात, हे काय गौडबंगाल आहे ते कोणी सांगेल का?

सदाशिवपेठी

मूळ धाग्यात शब्दांची सरमिसळ आहे. भुंगा हा शब्द आपण लाकूड पोखरणाऱ्या काळ्या भ्रमरालाही वापरतो, आणि तो मधमाशीच्या कुळातला. भुंगेरा म्हणजे ज्याचे पुढचे पंख कडक टरफलासारखे असून पाठीवर मधोमध सरळ रेषेत मिटतात तो. या व्याख्येत टोका, हुमणीचा प्रौढ, शेणकिडा, काजवा हे सगळे येतात. झुरळ येत नाही. बाकी चालू द्या.

कोडगा

वाचतोय. माझा अंदाज: गरज पडली म्हणून नाक विकसित झालं. सिंपल.

शृंगिका

सिंपल नाही, कोडगा. पण आधी काकांच्या प्रश्नाकडे येते. कीटकशास्त्र शिकले आणि नंतर काही वर्षं साठवणीच्या धान्यातल्या किडींवर काम केलं, त्यामुळे आज्जींच्या टोक्यांशी माझी जुनी ओळख आहे.

भुंगेऱ्याचं नाक म्हणजे त्याच्या मिशा, पुस्तकी भाषेत शृंगिका. काका, पुढच्या वेळी एक भुंगेरा तळहातावर घेऊन बघा. मिशीच्या टोकाला तीन पानं असतात. एरवी ती मिटलेली, वास घ्यायचा झाला की पंख्यासारखी उघडतात. त्यावर सूक्ष्म केस, केसांना छिद्रं. वासाचा रेणू छिद्रातून आत शिरतो. आत पाणी आहे आणि वासाचे बहुतेक रेणू तेलकट, त्यामुळे त्यांना उचलून पलीकडे न्यायला वाहक प्रथिनं असतात. पलीकडे चेतापेशीच्या पृष्ठभागावर ग्राही, म्हणजे रिसेप्टर. त्यात रेणू बसला की दार उघडतं, आयन आत घुसतात, संदेश मेंदूकडे जातो. काही क्षणांत दुसरी प्रथिनं त्या रेणूचा चुराडा करतात. तसं झालं नाही तर कालचा वास आजही येत राहील आणि उडताना दिशा कळणार नाही.

हे ग्राही आपल्या नाकातल्यांसारखे नाहीत. सस्तन प्राण्यांची वासाची जनुकं १९९१ मध्ये लिंडा बक आणि रिचर्ड ॲक्सल यांनी शोधली, त्याबद्दल २००४ चं नोबेल मिळालं. मग सगळ्यांना वाटलं की कीटकांतही तशीच सापडतील. शोधून शोधून दमले. फळमाशीत १९९९ मध्ये मिळाली ती निराळ्याच घराण्यातली होती. काम तेच, खानदान वेगळं. निसर्गाने वासाचं नाक निदान दोनदा स्वतंत्रपणे घडवलं.

कीटकांचं हे घराणं निघालं जिभेतून. म्हणजे चवीच्या ग्राहींतून. कीटकांचे पूर्वज पाण्यातले, खेकडे-कोळंबीच्या नात्यातले. त्यांच्याकडे वासाचे आणखी जुने ग्राही होते आणि ते कीटकांत आजही आहेत, आम्लं आणि अमाईन हुंगायला. पण जमिनीवर आल्यावर हवेतून उडत येणारे तेलकट रेणू ओळखायला चवीच्या एका शाखेतून नवी फौज उभी राहिली.

किती जुनी? जुन्या पुस्तकांतली कसर माहीत आहे ना, चंदेरी, बिनपंखांची? तिच्यात हे ग्राही आहेत. तिच्याहून जुन्या, उड्या मारणाऱ्या बिनपंखी चुलत्यांतही २०१८ मध्ये सापडले. म्हणजे उडण्यासाठी नाक आलं हा आधीचा अंदाज बारगळला. पंख फुटायच्या आधीच नाक होतं. भुंगेऱ्यांचे सर्वांत जुने जीवाश्म सुमारे २९ कोटी वर्षांचे, म्हणजे त्यांना हे नाक वारशानेच मिळालं. त्यांनी केलं ते पुढचं: त्या एका कल्पनेच्या शेकडो आवृत्त्या काढल्या. उरलेलं रात्री लिहिते, कुकर लावायचाय.

टेकडीफिरस्ता

वा! वेताळ टेकडीवर पावसाळ्याच्या सुरुवातीला शेणाचा गोळा लोटणारे बघतो रोज. पो पडल्यावर दहा मिनिटांत हजर. यांचंही असंच का?

शृंगिका

हो. शेणातून उडणारे इंडोल, क्रेसॉल, ब्युटिरिक आम्ल वगैरे. आपण नाक मुरडतो त्याच यादीला ते जेवणाची हाक समजतात.

कोडगा

ताई, "गरज पडली म्हणून" चुकीचं का?

शृंगिका

कारण गरज पडली म्हणून जनुक बदलत नाही. बदल आधी होतो, आंधळेपणाने. उपयोगी पडला तर टिकतो.

वाड्यातलं उदाहरण घे. दिंडी दरवाजाला एक कुलूप आहे. चुकून त्याच कुलपाची दुसरी प्रत घडली. पहिलं दाराला लागलेलंच आहे, घर सुरक्षित. दुसरं फडताळात लोळतंय, त्याच्यावर कसलीच जबाबदारी नाही. गंजलं तरी कोणाचं बिघडत नाही, एखादी खाच झिजून दुसऱ्याच किल्लीने उघडू लागलं तरी कोणाची हरकत नाही. बहुतेक प्रती गंजूनच जातात. क्वचित एखादीला अशी किल्ली लागते जिचा फायदा होतो, म्हणजे नव्या झाडाचा, नव्या अन्नाचा, नव्या जोडीदाराचा वास. ती प्रत वंशात टिकते. पुढे तिच्याही प्रती निघतात.

हे नुसतं रूपक नाही, मोजलेलं आहे. पिठात होणारा छोटा तांबडा भुंगेरा (ट्रायबोलियम) घ्या. त्याचा जीनोम, म्हणजे सगळ्या जनुकांचा आराखडा, २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. वासाच्या ग्राहींची सुमारे ३४० जनुकं निघाली आणि त्यातली साधारण पाऊणशे गंजलेली, निकामी. उरलेली अडीचशेच्या वर धड. फळमाशीकडे आहेत साठच्या आसपास, माणसाकडे चारशेच्या आसपास. तीन-चार मिलिमीटरचा किडा आणि नाकाचा पसारा आपल्या निम्म्याहून मोठा! उलट ॲश नावाच्या झाडाच्या मागे लागलेला हिरवा खोडकिडा पन्नासाच्या आसपास ग्राहींवर संसार करतो. साधारण कल असा दिसतो की जो मिळेल ते खातो त्याच्याकडे कुलपं जास्त, ज्याचं एकाच झाडावर भागतं त्याच्याकडे कमी. शंभर टक्के नियम नाही हं.

आणि ट्रायबोलियम फक्त मिशांनीच नाही, तोंडाजवळच्या उपांगांनीही हुंगतो. पिठात राहायचं तर तोंड हेच दार.

बाळबोध

म्हणजे कणकेतल्या किड्याला आपल्यापेक्षा चांगलं नाक असू शकतं. आता पोळी खाताना हेच आठवणार.

मालतीआज्जी

चाळणी कशाला असते बाळा?

माझ्या प्रश्नाचं राहिलं.

शृंगिका

आज्जी, तुमचं निरीक्षण बरोबर आहे आणि त्याला दोन कारणं आहेत. एक, टोक्याची मादी दाण्याला भोक पाडून आत अंडं घालते आणि वरून बूच लावते. बाहेरून काही दिसत नाही. महिन्याभराने आतून प्रौढ निघतो. म्हणजे डब्यातले बरेचसे दुकानातूनच दाण्यात बसून आलेले असतात आणि साधारण एकाच वेळी बाहेर पडतात. दुसरं कारण खरं गमतीचं. नर टोका एक वास सोडतो, त्याला सिटोफिल्युअर म्हणतात. त्याने माद्या येतात आणि दुसरे नरही येतात. जणू पाटीच लावलेली, "येथे उत्तम जेवण मिळेल".

एरंडेलाचं म्हणाल तर ते वासाने कमी आणि तेलपणाने जास्त काम करतं. कडधान्याच्या भुंग्याची अंडी दाण्यावर बाहेरच चिकटवलेली असतात, ती तेलाच्या थराखाली मरतात. टोक्याचं अंडं दाण्याच्या आत, म्हणून तांदळात गुण थोडा कमी.

चवळी-मटकीतल्या त्या भुंग्याच्या मादीची तऱ्हा तर बघण्यासारखी असते. जिथं आधीच अंडं आहे तो दाणा ती शक्यतो टाळते, कारण पहिलीने तिथं रासायनिक खूण ठेवलेली असते. एका चवळीत पाच पिल्लं पोसायची नाहीत हे तिला कळतं. भिंग घेऊन बघा, अंडी बऱ्यापैकी समान वाटलेली दिसतील.

निरेकाठचा

ताई, हे सगळं भारी आहे, पण माझा कडुनिंब?

शृंगिका

काका, आलेच. कडुनिंबात "किडे पळवणारा वास" असतो असं आपण समजतो, तिथंच घोटाळा आहे. त्याचं मुख्य अस्त्र अझाडिरॅक्टिन. ते वासाचं नाही, चवीचं आणि पोटातलं आहे. १९५९ साली सुदानात हाइनरिख श्मुटरर यांनी पाहिलं की टोळधाडीने सगळी हिरवळ फस्त केली आणि कडुनिंब तेवढे शाबूत राहिले. टोळाच्या तोंडातल्या चवीच्या चेतापेशी तो पदार्थ इतका कडू समजतात की तो पानाला तोंडच लावत नाही. पण हा पदार्थ मुख्यतः निंबोळीच्या बीमधल्या मगजात, पाल्यात बराच कमी. म्हणून तुम्ही फवारता तो ५ टक्के निंबोळी अर्क असतो, पाल्याचा काढा नाही.

रेणूला स्वतःचा असा "चांगला" किंवा "वाईट" वास नसतो. तो कोणाच्या कुलपात बसतो आणि ते कुलूप कोणत्या तारेला जोडलंय, यावर सगळं. टोळाच्या वंशात त्या चवीला "थांब" ही तार लागली. हुमणीच्या, म्हणजे होलोट्रायकियाच्या, वंशाला कडुनिंबाचा पाला पचवता येतो, तेव्हा त्याचा गंध त्याच्यासाठी "इथं उतर" अशी पाटी. बाभूळ-बोरही त्याच यादीत. आणि तिन्हीसांजेला सगळे एकाच झाडावर जमणार असतील तर जोडीदार शोधायची अर्धी मेहनत झाडानेच वाचवली की नाही?

कोडगा

ओके, कुलूप कळलं. पण फेरोमोनचं, म्हणजे कामगंधाचं, गणित बसत नाही. मादीने नवा वास सोडायला लागायचं आणि त्याच वेळी नराच्या मिशीत त्याच वासाचं कुलूप तयार व्हायचं? दोन्ही बदल एकदम? हे म्हणजे सर्व्हर आणि क्लायंट एकाच रात्री, एकमेकांना न सांगता, त्याच नव्या प्रोटोकॉलवर गेले म्हणण्यासारखं आहे.

शृंगिका

धाग्यातला सर्वांत चांगला प्रश्न. याचं एकच उत्तर नाही, पण एक वाट अशी: क्लायंट आधीपासून ऐकत होता. सर्व्हर नंतर बोलायला लागला.

पाइनच्या झाडाची साल पोखरणारे भुंगेरे घ्या. पाइनचा डिंक म्हणजे विष, त्यात अल्फा-पायनीन. भुंगेऱ्याच्या शरीरातली विकरं त्याला ऑक्सिजन जोडून निरुपद्रवी करतात आणि व्हर्बिनॉल बनतं. ते विष्ठेवाटे बाहेर. आता विचार कर, ज्या झाडात आधीच कोणी घुसलंय तिथून हा वास येणारच. ज्याच्या मिशीत पायनीनसारखे रेणू धरणारी कुलपं आहेत, त्यातल्या एखाद्या प्रतीला व्हर्बिनॉल लागलं तर त्याला आयती बातमी मिळाली: हे झाड फोडलं गेलंय, इथं जेवण आहे, जोडीदार आहे. ऐकणाऱ्याचा फायदा झाला. मग सोडणाऱ्याचाही झाला, कारण हजारोंनी मिळून हल्ला केला तरच पाइन हार मानतो. विषाचा निचरा होता, त्याचा निरोप झाला.

१९६६ मध्ये कॅलिफोर्नियात सिल्व्हरस्टीन, रोडिन आणि वुड यांनी अशाच एका भुंगेऱ्याच्या भुशातून तीन रेणू वेगळे काढले, त्यातला एक व्हर्बिनॉल. गंमत म्हणजे एकेकटा रेणू फारसा चालेना. तिन्ही एकत्र ठेवले तर झुंबड. एकच स्वर लावला तर राग ओळखू येत नाही तसं. हे "मिश्रण" प्रकरण महत्त्वाचं, कारण प्रमाण बदललं की भाषा बदलते आणि जात वेगळी व्हायला वाव मिळतो.

कोडगा

मान्य. दंडवत. "गरज" शब्द मागे घेतो.

दापोलीकर

कोकणातून हजेरी. आमच्याकडे माडाला दोन शत्रू. गेंडा भुंगा शेणखताच्या खड्ड्यात वाढतो आणि माडाचा कोंब खातो. दुसरा लाल सोंड्या, खोड पोखरतो. दोघांचे कामगंध सापळे चांगले चालतात. दोन्हींत वास नराचा, आणि येतात नर-मादी दोघंही, म्हणून सापळ्यात माद्या पडतात नि पुढची पिढी कमी होते. काकांच्या हुमणीचं का चालेना?

सोंड्यावर एक प्रयोग वाचला होता. कीटकांच्या या नव्या घराण्यातल्या जवळपास प्रत्येक वास-ग्राहीला ओरको नावाचा एक जोडीदार लागतो म्हणे. २०१६ मध्ये प्रयोगशाळेत सोंड्याचा ओरको गप्प केला तर कामगंधाला त्याचा प्रतिसाद बराच कमी झाला.

शृंगिका

बरोबर, ओरको हा सगळ्या कुलपांचा सामायिक कोयंडा. कुलपं भराभर बदलली, कोयंडा कोट्यवधी वर्षं जवळपास तोच राहिला.

काकांच्या गोळीबद्दल माझा संशय असा. राजस्थान-गुजरातकडच्या हुमणीची जात होलोट्रायकिया कॉन्सॅंग्विनिया. तिची मादी ॲनिसोल सोडते, बडीशेपेच्या जवळ जाणारा वास. तो १९९६ मध्ये ओळखला गेला. आपल्या ऊसपट्ट्यातली मुख्य जात होलोट्रायकिया सेराटा. जात बदलली की निरोप बदलू शकतो. गोळीवर कुठल्या जातीचं नाव आहे ते बघा.

फरक किती बारीक असू शकतो? पुदिना आणि बाळंतशेपा हुंगा. पुदिन्याच्या वासाचा मुख्य रेणू कार्व्होन. बाळंतशेपात जो असतो तोही कार्व्होनच. अणू तेच, जोडणी तीच, फक्त एक दुसऱ्याची आरशातली प्रतिमा, डाव्या-उजव्या चपलेसारखी. आपल्या नाकालाही ते कळतं. जपानी भुंगेऱ्याची मादी जो रेणू सोडते त्याची उजवी चप्पल नराला ओढते, आणि त्यात एक टक्का डावी मिसळली तरी येणारे नर बरेच कमी होतात. त्याच देशातल्या ओसाका भुंगेऱ्याचं बरोब्बर उलट: डावी हवी, उजवी नको. दोघांची गल्लत होऊ नये म्हणून एकच रेणू दोन्ही अंगांनी वापरलाय.

मालतीआज्जी

पुदिना आणि बाळंतशेपा एकच! सुनेला सांगितलं, तिने आधी फोन बघितला आणि मग मान्य केलं.

टेकडीफिरस्ता

अवांतर: जूनमध्ये राजमाचीला काजवे बघायला जातो. सदाशिवपेठींनी काजवा भुंगेऱ्यांत घातला म्हणून विचारतो, ते तर उजेडाने बोलतात. मग नाक गेलं?

शृंगिका

उलट, उजेड नंतरचा. काजव्यांच्या पूर्वजांत प्रौढ एकमेकांना वासानेच शोधत. लुकलुक हा नंतरचा शोध. आणि काही जातींनी तो सोडूनही दिला. त्या दिवसा फिरतात, उजेडाचा उपयोग नाही, परत वासावर आल्या. त्यांच्या मिशा बहुधा मोठ्या असतात.

सदाशिवपेठी

रासायनिक निरोपाची नक्कल करून कोणी फसवतं का? मनुष्यस्वभाव पाहता असावं.

शृंगिका

असतं! कॅलिफोर्नियाच्या वाळूत तेलभुंगेऱ्याच्या एका जातीच्या अळ्या शेकडोंनी गवताच्या टोकाला गोळा होऊन बसतात आणि एकत्र मिळून एका एकांड्या रानमाशीच्या मादीसारखा वास सोडतात. माशीचा नर भुलून येतो, अळ्या त्याला चिकटतात, मग तो खऱ्या मादीला भेटला की अळ्यांची त्या मादीवर उडी, तिच्यासोबत घरट्यात, आणि तिथला साठा फस्त. बाजरीवर येणारे आपले हिंगे याच कुळातले. त्यांनी मात्र असं काही केलेलं मला माहीत नाही.

निरेकाठचा

गोळीचा कागद सापडला. कॉन्सॅंग्विनियाच लिहिलंय, बारीक अक्षरात. दुकानदाराला फोन केला तर म्हणतो, "हुमणी ती हुमणी."

ताई, आमची नक्की सेराटाच का, ते कसं कळणार?

शृंगिका

वरून बघून खात्री होत नाही, नराचं जननेंद्रिय उघडून भिंगाखाली पाहावं लागतं. वीसेक भुंगेरे पाठवा. डिझेलमध्ये बुडवलेले नकोत, स्पिरिटच्या बाटलीत. आणि कुठल्या झाडावरचे ते चिठ्ठीवर लिहा.

निरेकाठचा

भावाला सांगितलं. एसटीने येतील स्वारगेटला, मग मी आणून देतो.

शृंगिका (नऊ दिवसांनी)

काका, बाटली बघितली. एकोणीस आहेत. सतरा सेराटा. दोन वेगळे आहेत, लहान, मिशीची पानं लांब. चिठ्ठीवर नुसतं "कडुनिंब" लिहिलंय. हे दोघंही कडुनिंबावरचेच का?

निरेकाठचा

विचारलं भावाला. म्हणाला, बाटली भरेना म्हणून शेवटचे दोन बाभळीवरचे टाकले.

शृंगिका

ते दोघं जिवंत हवे होते. बाभूळ अजून झोडपली नाहीये ना?